जांभळ्या खोक्यातली गाडी

४ जानेवारी

प्रिय सरस,

अजून 'सरस'च लिहितोय. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या बोटांना येणाऱ्या सरसाच्या वासावरून ठेवलेलं नाव, ते कोर्टाच्या कागदाने थोडंच पुसलं जातं? फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला वाजतं.

काम एवढंच आहे. बदलीच्या गावी मला अखेर दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालं. एका खोलीत भिंतभर फळ्या ठोकून घेतल्या. दिवसभर नळ-तोट्या विकून दमून आलेल्या माणसाला डोळ्यांसमोर काहीतरी आपलं असावं, एवढीच हौस. तेव्हा माझे जोडायच्या प्लास्टिकच्या गाड्यांचे खोके पाठवून दे. तुझ्या भाषेत 'लांब नाकाच्या गाड्या'. लाल, पिवळा, हिरवा आणि निळा भिंतीच्या मांडणीवर आहेत. त्यांचे सुटे भाग कापून ठेवलेत, जोडायचे राहिलेत. जांभळा कपाटात, वरच्या कप्प्यात, माझ्या जुन्या स्वेटरखाली आहे. त्याच्यावरचा पारदर्शक कागद कारखान्यातून आला तसाच आहे. तो उघडू नकोस, दाबू नकोस, उन्हात ठेवू नकोस. वेगळ्या पेटीत कापूस घालून पाठव.

घरातलं बाकी सगळं तुला सोडलं. मी कुठे हात आखडता घेतलाय?

तुझा (सवयीने लिहिलं, खोडत नाही)
खोकेवाला

१२ जानेवारी

श्री. खोकेवाले यांस,

पत्र मिळालं. बातमी वाईट आहे, बसून वाचा.

तुमचं पत्र यायच्या आधी घराचं रंगकाम काढलं होतं. "मांडणीला हात लावू नका," असं बजावून मी बाजारात गेले. परत येते तो मांडणी जमिनीवर आणि चारही खोके पालथे. रंगारी म्हणतो, "ताई, खेळणी होती, मी गोळा केली ना." केली खरी, केरसुणीने. आता तुमच्या चारही गाड्या धुण्याच्या एका टबात आहेत. जांभळा खोका स्वेटरखाली सुखरूप आहे.

टब तसाच पाठवला असता, पण मग 'तू मुद्दाम केलंस' हे जन्मभर ऐकायची माझी तयारी नाही. दोन पुस्तकांची पानं एकमेकांत मिसळली तर मी ती वेगळी करू शकते, बोटांना कागद कळतो. तुमच्या प्लास्टिकमधलं काही कळत नाही. चाकं आणि वरचे पत्रे रंगावरून लावले. घोळ आहे तो पोटातल्या ऐवजाचा. दोन्हीकडून नळ्या निघालेले गोळे आहेत. घंटेसारखं काहीतरी आहे. बाटलीसारखं आहे. एका इंजिनाच्या पोटातून आरपार भोक आहे. कोणतं कोणाचं, ते ओळखायची खूण कळवा.

स्वतः यायची गरज नाही. मला वेळही नाही. वाचनालयाची पुस्तकं बांधायला आली आहेत, आणि बाबांचं दाबयंत्र गेल्यापासून मी ती विटांखाली दाबते. चार दिवस एक गठ्ठा अडकून पडतो, वर कण्यातून फुगतो तो फुगतोच.

१९ जानेवारी

प्रिय सरस,

केरसुणीने! वाचून उठलो आणि उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायलो. पण तू लावून द्यायला तयार आहेस, हेच खूप झालं.

आधी एक लक्षात घे. ही ड्रॅगस्टर गाडी वळायला बनलेलीच नाही. सरळ पट्टीवर एकदा सुसाट सुटायचं आणि थांबायचं, एवढंच तिचं आयुष्य. इंजिन पुढे, त्याच्या पाठीला चिकटून मागचा आस, आणि ड्रायव्हर आसाच्या वरच, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला. म्हणजे इंजिनातली ताकद चाकांपर्यंत जायला हातभरही रस्ता नसतो. हे डोक्यात ठेवलंस की खरं-खोटं आपोआप ओळखू येईल.

तुझी 'घंटा' म्हणजे क्लचचं आवरण. इंजिनाच्या मागे बसतं. काठाला बोल्टांचे दाणे उमटलेले असतील तर पिवळ्याची, गुळगुळीत असेल तर लाल खोक्यातली. तुझी 'बाटली' म्हणजे गिअरबॉक्स. लांब शेपटीचा असेल तर तो साध्या घरगुती गाडीच्या साच्यातून उसना घेतलाय. असला गिअरबॉक्स ड्रॅगस्टरमध्ये म्हणजे शुद्ध थाप, आणि ती थाप हिरव्यात मारली आहे. नळ्यांचे गोळे म्हणजे मागचे आस. नळ्यांखाली पाट्याच्या स्प्रिंगा दिसल्या तर तोही हिरव्याचा. खऱ्या गाडीला मागे स्प्रिंगच नसते, आस सरळ सांगाड्याला ठोकलेला. आखूड नळ्या आणि गुळगुळीत झाकण ते पिवळ्याचं. आरपार भोकाचं इंजिन निळ्याचं. त्या भोकातून लोखंडी सळई जाते म्हणजे चाकं फिरतात आणि पोरं खूश होतात.

खरं सांगू का, या चारही खोक्यांत अस्सल असं थोडंच आहे. अस्सल ऐवज एकट्या जांभळ्यात. गिअरबॉक्सच्या जागी छोटी जोडपेटी, क्लचच्या तबकड्या सुट्या, मागच्या आसाचं झाकण उघडलं की आत दोन दातेरी चकत्या. असा खोका कारखान्याने पुन्हा काढला नाही. म्हणून तर छापखानेवाल्या काकांच्या मागे वर्षभर लागलो होतो. खोका त्यांच्या थोरल्या मुलाचा, हात लावू द्यायचे नाहीत. आपल्या तळघरात पाणी शिरलं त्या आठवड्यात म्हातारा अखेर कबूल झाला. पाण्याने तेवढं एक भलं केलं म्हणायचं.

विटांचं वाचून वाईट वाटलं.

तुझा
खोकेवाला

३ फेब्रुवारी

प्रिय खोकेवाले,

उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. मध्ये जरा बाहेर जाणं झालं. वाटेत छापखान्यात डोकावले. काका बरे आहेत. खूप दिवसांनी भेटलो, चहा झाला, पुष्कळ बोलले.

तुम्ही सांगितलेल्या खुणा अगदी चोख निघाल्या. बाटली आणि पाट्यांचा गोळा पहिल्या झटक्यात सापडला, मग बाकीचं भराभर लागत गेलं. चार वेगळ्या डब्यांत घालून वर चिठ्ठ्या लावल्या आहेत. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण उलटंच झालं. दुपारचं जेवण झालं की हात आपसूक डब्यांकडे जातो. इतकी वर्षं एका घरात राहून तुम्ही यात काय बघता ते मी कधी विचारलंच नाही.

एक अडचण आहे. दोन-तीन भाग पडताना तडकले आहेत. मोडकं पाठवायला जिवावर येतं, चिकटवून पाठवू का? माझ्याकडचा सरस यावर काही धरत नाही, करून पाहिलं. चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर तर कसलाच डिंक टिकत नाही. आणि जोडताना इंजिनापासून मागच्या आसापर्यंत सगळं एका रेषेत कसं ठेवायचं, तेही लिहा. खोक्यांतल्या सूचनापत्रिका मला उलगडत नाहीत.

तब्येतीला जपा. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं तुमचं.

९ फेब्रुवारी

प्रिय सरस,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतानाही एकदा काढून वाचलं. 'मी कधी विचारलंच नाही' हे वाक्य तू आधी बोलली असतीस, तर कदाचित आपण कोर्टाची पायरी चढलोच नसतो. असो.

आता नीट वाच. प्लास्टिकला सरस चालत नाही, पातळ सॉल्व्हंट लागतं. ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, चिकटवत नाही. बारीक कुंचल्याच्या टोकावर थेंब घे आणि जोडावर नुसता टेकव, फटीत आपोआप शिरतो. मुलामा असलेल्या भागाचा मुलामा जोडाच्या जागी ब्लेडने खरवडून काढायचा, खालचं पांढरं प्लास्टिक दिसलं पाहिजे. साच्याची बारीक रेघ प्रत्येक नळीवर असते, तीही खरवड. अनाडी माणूस तिथेच पकडला जातो.

एका रेषेत ठेवायला काचेचा तुकडा घे. आधी इंजिन, घंटा, जोडपेटी आणि आस हे एकच अंग समजून काचेवर जोड, वाळू दे, मग सांगाड्यात उतरव. सूचनापत्रिकेत उलट सांगतात, ते खुशाल विसर. या पत्रिका लिहिणाऱ्यांनी खरी गाडी जन्मात पाहिलेली नसते. जांभळ्या खोक्याच्या बाहेर, मागच्या बाजूला पत्रिकेची नक्कल छापलीय, तिच्यात मागच्या आसाचा गोळाच उलटा दाखवलाय. तसा बसवला तर चाकं उलटी फिरतील आणि गाडी मागच्या प्रेक्षकांत घुसेल! खोलगट बाजू ड्रायव्हरच्या डाव्या हाताला हवी. हे जाणणारे फार थोडे आहेत, तुला म्हणून सांगतो.

काकांकडे गेलीस हे बरं केलंस. पण म्हातारा हल्ली विसरभोळा झालाय, काहीच्या बाही बोलतो. मनावर घेऊ नकोस.

तुझाच
खोकेवाला

२० फेब्रुवारी

प्रिय खोकेवाले,

सॉल्व्हंट आणलं. वासाने पहिल्या दिवशी डोकं दुखलं, आता सवय झाली. मोडके भाग असे जुळले आहेत की कुठे तडकले होते ते मलाच शोधावं लागतं.

आता निव्वळ उत्सुकता म्हणून विचारते. जांभळ्या खोक्यावरचं चित्र पाहून मनात आलं, क्लचच्या त्या सुट्या तबकड्या खऱ्या गाडीत कोणत्या रंगाच्या असतात? सगळ्या एकसारख्या, की आड एक वेगळ्या? आणि जोडपेटीची दांडी कुठे जाते, ड्रायव्हरच्या हाताशी की पायाशी? चित्रात तिथे नेमका धूर दाखवलाय.

काका तसं काही वावगं बोलले नाहीत. थोरल्याच्या आठवणी काढत होते, एवढंच.

२६ फेब्रुवारी

प्रिय सरस,

उत्सुकता म्हणून म्हणतेस, पण असा प्रश्न आमच्या गाड्या जमवणाऱ्यांच्या मंडळातही कुणी विचारलेला नाही. तबकड्या आड एक. एक फिकट राखी पोलादी, एक तपकिरी, जळकट. नव्याकोऱ्या दाखवायच्या नाहीत, कडेला किंचित निळसर झाक हवी, तापलेल्या लोखंडासारखी. जोडपेटीची दांडी डाव्या हाताशी. तिचा उपयोग एवढाच, की सुरुवातीला गाडी ढकलत आणताना इंजिन आसापासून सुटं ठेवायचं आणि मग जोडायचं.

तू विचारशील, एवढं माहीत आहे तर जोडत का नाही? काकांनीही छळलं होतं त्यावरून. अगं, न जोडलेला आहे तोवरच तो खोका अस्सल. एक थेंब सॉल्व्हंटचा लागला की संपलं. मग ती कुणाच्याही टेबलावरची गाडी. मंडळातली माणसं माझ्याकडे येतात ती त्या कागदाला नख लागलेलं नाही हे बघायला. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मी येऊ का न्यायला? खोक्यांचं निमित्त. कुठेतरी बसून जेवू. आपलं काही अगदीच तुटलेलं नाही, असं मला तुझ्या पत्रांवरून वाटतं. चुकत असेन तर सांग.

तुझाच
खोकेवाला

१८ मार्च

खोकेवाल्या,

चुकतो आहेस.

'अहो' मागच्या पत्राबरोबर संपलं. या पत्रासोबत पार्सल आहे. लाल, पिवळा, हिरवा, निळा, प्रत्येकाचा ऐवज त्याच्या त्याच्या खोक्यात, तपासून घे. जांभळा वेगळ्या पेटीत आहे, कापसात घालून, तू सांगितलंस तसाच. तो हलका लागेल. आत सूचनापत्रिका आहे आणि ज्यांना भाग चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी आहेत. मोकळ्या. एकही भाग शिल्लक राहिला नाही. पारदर्शक कागदही घडी करून ठेवलाय. मंडळातल्या माणसांना दाखव. चेहरे बघण्यासारखे होतील.

'तळघरात पाणी शिरलं त्या आठवड्यात' हे तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. ते वाचलं आणि माझ्या हातातला गोळा टबात पडला. त्या आठवड्यात मी दवाखान्यात आईच्या उशाशी होते. तू डबा घेऊन आलास आणि सांगितलंस, दाबयंत्र पाण्यात बुडालं, मळसूत्र गंजलं, भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी तुझे आभार मानले होते. रडत मानले होते. एवढं बिडाचं धूड माझ्या माणसाने एकट्याने निस्तरलं म्हणून.

मी छापखान्यात गेले. खिडकीपाशी बाबांचं दाबयंत्र उभं होतं. वरून हिरवा रंग दिलाय, पण चाकाच्या दांड्यावर बाबांनी हात घसरू नये म्हणून गुंडाळलेली चामड्याची पट्टी तशीच. मी चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. गंजाचा ठिपका नाही.

"काका, हे तुमच्याकडे कसं?"

"कसं म्हणजे? तुमच्या मिस्टरांनी दिलं की! तुम्ही काम सोडलं म्हणाले. मी म्हटलं, खोक्याच्या बदल्यात एवढं मोठं यंत्र कशाला? तर म्हणाले ठेवा, घरात अडगळ होते." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "सोडलं नव्हतंत?"

"नाही, काका."

ते खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "आणि गाडीचा रंग वाळला का?"

मला कळेना. तेव्हा सगळं बाहेर आलं. थोरल्याने पहिल्या पगारात घेतलेला खोका. जोडायच्या आधी तो तापाने गेला. काकांचे डोळे अधू, त्यांना ते बारीक काम होणारं नव्हतं. तू शपथेवर सांगितलंस, मी जोडतो, आणि तुमच्यासमोर आणून उभी करतो. म्हणून म्हातारा कबूल झाला. त्यानंतर जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तू म्हणालास, रंग वाळतोय. इतकी वर्षं कुठला रंग वाळतो रे?

आता एक नीट वाच, कारण हे मला तुला सांगायचंच आहे. काका दाबयंत्र त्याच दिवशी परत करायला निघाले होते. हमालाला हाक मारली होती त्यांनी. मला तुझा खोका फोडायची काहीच गरज नव्हती. मीच म्हटलं, थांबा काका, आधी गाडी. थोरल्याची इच्छा पुरी होईल हे खरं, त्यांना तेवढंच सांगितलं. पण कागदाला नख लावलं तेव्हा माझ्या मनात थोरला नव्हता. तू होतास.

आणि जोडली ती तुझ्याच शिकवणीने. मुलामा खरवडला, साच्याच्या रेघा काढल्या, काचेवर सगळं एका रेषेत वाळवलं. तबकड्या आड एक, कडेला निळी झाक. मागचा आस पत्रिकेच्या उलट. प्रत्येक पत्र टेबलावर उघडं ठेवून काम केलं. तू इतका मन लावून माझ्याशी कधी बोलला नव्हतास.

गाडी छापखान्यात काचेच्या कपाटात आहे. दाबयंत्र माझ्याकडे. विटा परत अंगणात नेऊन टाकल्या.

२४ मार्च

तू माणूस आहेस का कोण आहेस?

खोका उघडला आणि त्या रिकाम्या चौकटी हातात आल्या. दोन दिवस कामावर गेलो नाही. मला गोड बोलून, माझ्याकडूनच एकेक काढून घेऊन, माझ्याच गळ्यावर सुरी? तब्येतीला जपा म्हणालीस. पोट बिघडतं म्हणालीस. तेही त्यातलंच ना?

तो खोका माझ्या मालकीचा होता. मी वकिलाला भेटणार आहे. आणि छापखान्यात जाऊन ती गाडी ताब्यात घेणार आहे. जोडली असशील कशीबशी. पहिल्यांदा हातात ब्लेड धरलेल्या माणसाला ते जमत नाही, मी लिहून देतो. म्हाताऱ्याला एकेक चूक दाखवून देईन, मग कळेल त्याला त्याच्या पोराच्या खोक्याचं तू काय केलंस ते.

आणि मला अरे-तुरे करायचं नाही.

२९ मार्च

खोकेवाल्या,

वकिलाला जरूर भेट. बायकोचं दाबयंत्र परस्पर देऊन घेतलेला खोका बायकोने उघडला, असं सांग त्याला. खोटं सांगू नकोस, वकिलापाशी तरी.

छापखाना सकाळी उघडा असतो. गाडी बघायला मनाई नाही. अवश्य जा.

७ एप्रिल

सरस,

वकिलाकडे गेलो नाही. छापखान्यात गेलो.

काकांनी मला बघून काही बोलायला हवं होतं, शिव्या तरी द्यायच्या. उलट त्यांनी कपाट उघडलं, गाडी कापडावर काढून ठेवली, भिंग आणून दिलं. मी तासभर बघत होतो. साच्याची रेघ शोधली, एकही नाही. जोडांत सॉल्व्हंट ओघळलेलं नाही. झाकण काढून चकत्या पाहिल्या. आसाची खोलगट बाजू डावीकडे. तबकड्यांची निळी झाक तर मी मनात पाहिली होती त्याहून बरी.

तेवढ्यात काकांनी यंत्रं बंद करायला लावली. सगळे कामगार भोवती आले. काका म्हणाले, "या गाड्यांमधले हे जाणकार आहेत. साहेब, माझ्या कामावरच्या पोरांना तुमच्या तोंडून ऐकू दे. अस्सल आहे ना ही?"

इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खोटं बोलणार होतो. हातातलं भिंग खाली ठेवलं आणि म्हणालो, अस्सल आहे. "कुणी जोडली, तेही सांगा," काका म्हणाले. तेही सांगितलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी चप्पल घालून बाहेर पडलो, कुणाचा निरोप घेतला नाही.

तू खोका फोडलास ते एकवेळ गिळेन. पण मला ज्याची आयुष्यभर हौस होती ते तू दुपारच्या फावल्या वेळात केलंस, आणि माझ्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं गेलं, हे सहन होत नाही. काकांना ते कसं सुचलं कोण जाणे. साधा माणूस.

१३ एप्रिल

खोकेवाल्या,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. 'सहन होत नाही' त्या ओळीपाशी थांबून चहा घेतला.

काका साधेच आहेत. तू आलास की यंत्रं बंद करा, सगळ्यांना बोलवा आणि त्याला भिंग द्या, असं त्यांना मी सांगून ठेवलं होतं. काय विचारायचं तेही मीच शिकवलं होतं.

आता लिहू नकोस.